मागच्या नळाचं पाणी

धरणावर येणाऱ्याला मामा दिसायच्या आधी ऐकू येत. "खबरदार! गवतावर उतरायचं नाही!" "खबरदार! कठड्यावर चढायचं नाही!" सव्वीस वर्षं ही आरोळी त्या पाण्यावरून इतक्या वेळा गेली होती, की लोकांनी शेवटी तेच नाव ठेवलं. पाठीमागे खबरदारमामा, तोंडावर नुसते मामा. खरं नाव नेमणुकीच्या कागदावर होतं आणि तिथं ते सुखात होतं.

धरण आपलं म्हणायचं म्हणून धरण. उंचीला तीन मजली घराएवढं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तर चार मिनिटं, तेही मध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर. मातीचा बांध, पाण्याच्या अंगाला दगडी अस्तर, कोरड्या अंगाला गवत. त्या पाण्यावर एक वाफा भिजत नव्हता की एक दिवा लागत नव्हता. गावाच्या कुण्या जुन्या कारभाऱ्याला वाटलं, माणसांना संध्याकाळी पाय सोडून बसायला पाणी हवं, म्हणून त्यानं ओढा अडवला. बसायला म्हणून धरण बांधतात का, असं म्हणत त्या वेळी पुष्कळांनी नाकं मुरडली असणार. त्यांचीच नातवंडं आता रविवारी होड्यांच्या रांगेत एकमेकांना ढकलत असतात.

होड्या आठ. त्यांतली एक कायम डागडुजीला उलटी पडलेली, म्हणून सात. सकाळी पेन्शनर पोहायला येत आणि पाण्यापेक्षा काठावर जास्त वेळ घालवत. दुपारी परीक्षेची पोरं पुस्तकं घेऊन येत आणि झोपून जात. संध्याकाळी तरुण जोडपी येत. ती कुठे बसतात ते मामांना पाठ होतं, पण तिकडे मात्र ते ओरडत जात नसत. लांबूनच खोकत.

बाकी कुणाची गय नाही. बांधावर खुंटी ठोकायची नाही, खड्डा करायचा नाही, चूल मांडायची नाही, शेळी सोडायची नाही. एकदा आइसक्रीमवाल्यानं आपल्या गाडीची मोठी छत्री बांधाच्या माथ्यावर रोवली, तर मामांनी ती उपटून त्याच्या हातात दिली आणि भर गर्दीत अर्धा तास त्याची शाळा घेतली. "अरे, बोटभर भोक! बोटभर भोकातून पाणी वाट काढतं, माती खातं, आणि एका रात्रीत भिंत जाते. तुझं आइसक्रीम वितळेल म्हणून मी गाव वाहून जाऊ देऊ?" आइसक्रीमवाला बापडा तेव्हापासून खाली रस्त्यावर उन्हात उभा राही. माथ्यावरची पाटी मामांनी स्वतःच्या हातानं रंगवली होती. 'बांधावर खणणाऱ्यावर कडक कारवाई करण्यात येईल.' त्याखाली दुसरी, 'तळ्याचे पाणी पिऊ नये.' आणि ज्या गोष्टी पाटीवर मावल्या नाहीत त्या तोंडी.

नियमाच्या बाबतीत माणूस असा कडक असला की लोक त्याची टिंगल करतात, आणि त्याच्या भरवशावर निश्चिंत झोपतातही. मामांचं तसंच होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

पण मामांची खरी हुकमत होती ती जिभेत. मातीच्या कुठल्याही धरणातून थोडं पाणी झिरपतंच. ते बांधाच्या पायथ्याशी एका चारीत गोळा होतं. त्याला पाझर म्हणतात. पाझर नितळ असेल तर धरण ठीक. गढूळ झाला तर समजायचं, पाणी जाताना आतली माती घेऊन चाललंय. मामा रोज सकाळी चारीपाशी उकिडवे बसत, ओंजळीत पाणी घेत, तोंडात घोळवत, डोळे मिटत आणि थुंकत. "गढूळपणा डोळ्याला दिसायच्या आधी दाताखाली लागतो," असं त्यांना त्यांच्या आधीच्या राखणदारानं शिकवलं होतं. पाझराचं पाणी गार असे, त्याला लोखंडासारखी किंचित तुरट चव असे. सव्वीस वर्षांत ती चव एकदाही बदलली नव्हती.

बांधाच्या खाली, कोरड्या अंगाला मामांचं सरकारी घर होतं. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे परडं. घरात माणसं दोन. मामा आणि मामी. मामी मामांच्या बरोबर उलट, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारी. पण तिच्या हाताला गुण असा, की वाळकी काडी खोचली तरी फुटावी. परड्यात टोमॅटो, घेवडा, काकड्या, आणि कुंपणभर लाल भोपळे. भोपळे एवढे धरत की होडीवाल्याच्या, पेन्शनरांच्या, एवढंच काय आइसक्रीमवाल्याच्या घरीही फोडी पोचत. घराला नळ दोन. पुढचा नळ गावच्या टाकीचा, सकाळी तासभर यायचा. मागचा नळ झाडांसाठी, त्याला केव्हाही पाणी. पुढचं प्यायला, मागचं झाडांना, अशी इतक्या वर्षांची वाटणी होती आणि त्याबद्दल कुणी काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं.

त्या वर्षी उन्हं तापायला लागली तेव्हा एके सकाळी मामांना बांधाच्या पायथ्याशी, चारीपासून वीसेक पावलांवर गवताचा एक पट्टा हिरवागार दिसला. आजूबाजूचं सगळं वाळलेलं, आणि हा पट्टा ताटाएवढा, तजेलदार. मामांनी वहाण काढून त्यावर पाय ठेवला. पाय ओला झाला. त्यांनी बोटानं टोकरून पाणी साठू दिलं आणि तोंडात घेतलं. माती नव्हती. पण गारही नव्हतं, तुरटही नव्हतं. कसली तरी हिरवट, कोमट चव. मामा पुन्हा पुन्हा घोळवत राहिले. ती चव त्यांच्या ओळखीची नव्हती, आणि सव्वीस वर्षांत या बांधाची एक गोष्ट आपल्या ओळखीची नाही, याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

दुसरा एखादा असता तर चार दिवस वाट बघतो. मामा त्याच दुपारी बसनं पाटबंधारे मंडळाच्या कचेरीत जाऊन लेखी देऊन आले. वर स्वतःच्या अक्षरात 'तातडीचे' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हे कळायला त्यांना अजून आठ दिवस होते.

तपासायला आली ती तरुण इंजिनीयर, पायांत बूट, डोक्यावर टोपी, बोलायला सरळ. सगळे तिला मॅडम म्हणत. तिनं पट्ट्याभोवती दोरी लावली, मातीचे गोळे करून पिशव्यांत भरले आणि मामांना ओसरीवर बसवून सगळं नीट समजावून सांगितलं.

"मामा, धरण म्हातारं आहे. हा ओलावा बांधातून येत असेल तर मला ते ठेवता येणार नाही. खाली दीडशे घरं आहेत."

"कळणार कसं, बांधातून येतो की नाही ते?"

"रंग टाकून. पट्ट्याच्या बरोबर समोर, तळ्याच्या बाजूला हिरवा रंग सोडायचा. माशांना, माणसांना त्याचा त्रास नाही. तो रंग पट्ट्यात उतरला, तर पाणी तळ्यातून थेट येतंय हे नक्की. मग दार उघडून तळं रिकामं करायचं."

"आणि दुरुस्ती?"

मॅडमनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "खरं सांगू? शेताचं धरण असतं तर दुरुस्त केलं असतं. हे बसायचं धरण. मंडळाच्या मनात नाही. रिकामं केलं की ते रिकामंच राहील."

"आणि रंग नाही उतरला तर?"

"तर मग राहील धरण. तुमचं तोंड तसंच चालू राहील."

ही बातमी होडीवाल्यानं गावभर केली. पेन्शनर पोहायचे सोडून चर्चा करू लागले. होडीवाला दिवसातून चारदा पट्ट्यापाशी येऊन उभा राही, आजाऱ्याच्या उशाशी उभं राहावं तसा. त्याला दुसरा धंदा येत नव्हता. "मामा, तुम्ही उगाच कळवलंत," असं एकदा त्याच्या तोंडून गेलंच. मामांनी डोळे वटारले, पण त्या दिवशी ते कुणावर ओरडले नाहीत. कळवलं ते बरोबरच केलं, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पण संध्याकाळी ते पाण्याकडे बघत बसत. हे पाणी जाणार, आणि त्याच्या जागी चिखल, मग बाभळी. तीन वर्षांवर रिटायरमेंट आली होती. रोज भांडायला एवढी माणसं होती, ती जाणार कुठे?

रंगाचा दिवस उजाडला. मॅडम नऊला येणार होत्या. मामा पहाटेच उठले, दात घासायला पुढच्या नळाशी गेले, तर नळ नुसता फुसफुसला. टाकीचं पाणी त्या दिवशी आलंच नाही. मामा तोंडात पेस्ट घेऊन तसेच परड्यात गेले, मागचा नळ सोडला आणि जन्मात पहिल्यांदा त्या पाण्यानं तोंड धुतलं. पेस्ट गेल्यावर आणखी एक चूळ भरली.

हिरवट. कोमट.

मामांनी चूळ थुंकली नाही, तोंडातच धरली. मग सावकाश मान वर करून नळाकडे बघितलं. नळाचा पाइप कुंपणाशी जमिनीत शिरत होता. तिथून तो बांधाच्या पायथ्याला, पायथ्यावरून गवताखालून वर माथ्यावर, आणि माथ्यावरून पलीकडे तळ्यात जात होता. असा पाइप एकदा पाण्यानं भरून सोडला की तळ्याचं पाणी आपोआप माथा ओलांडून खाली येत राहतं. हे त्यांना ठाऊक असायलाच हवं होतं. तो त्यांनीच घातला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून मामा शेवटी आपल्याच परड्यात येऊन पोचले होते.

एवढी मोठी गोष्ट माणूस विसरतो कशी, असं कुणी विचारलं असतं तर मामांना उत्तर देता आलं नसतं. पण विसरतो. घरातला दुखरा कोपरा माणूस एकदा झाकतो, मग त्यावर काहीतरी ठेवतो, मग ते ठेवलेलंच दिसतं. मागचा नळ म्हणजे मागचा नळ. तळ्याचं पाणी पिऊ नये हा नियम मामांनी स्वतः इतका काटेकोर पाळला होता, की तळ्याची चवसुद्धा त्यांना माहीत नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी मामी दवाखान्यातून परत आली होती ती मोकळ्या हातांनी. मुलगी झाली होती. चार दिवस राहिली आणि गेली. घरी आल्यावर मामी भिंतीकडे तोंड करून पडली. जेव म्हटलं की दोन घास जेवायची, ऊठ म्हटलं की उठून बसायची, पण बोलायची नाही. दोन महिने असे गेले. मामा बांधावर सगळ्या जगावर ओरडायचे आणि घरात पाऊल टाकलं की त्यांचा आवाज फुटायचा नाही. मग एका दुपारी ते घरी आले तर मामी परड्यात उभी. उकिरड्यावर भोपळ्याचा एक वेल आपोआप उगवला होता, आणि ती भांडी धुतलेलं पाणी वाटीनं त्याच्या मुळाशी घालत होती. वाटी रिकामी झाल्यावर तिनं मामांकडे बघून विचारलं, "आणखी पाणी आहे का?"

दोन महिन्यांत तेवढंच बोलली होती. आणि पाणी नव्हतं. उन्हाळा होता, टाकीचा नळ तेव्हा घरापर्यंत आलेला नव्हता, विहिरीनं तळ गाठला होता. वर मात्र बांधामागे तळं भरून उभं होतं. मामांनी जास्त विचार केला नाही. काळा पाइप आणला आणि पाच दिवस पहाटे, लोक यायच्या आत, वीतभर खोल चर खणून तो बांधावरून खाली आणला. वरून गवत लावून टाकलं. नळ सुरू झाला तेव्हा मामीला म्हणाले, "मंडळानं दिलाय." मामीनं त्या वर्षी अठरा भोपळे काढले. अठराव्याच्या वेळी ती मामांना हाक मारून हसली होती.

मामांनी चूळ थुंकली. घड्याळात सव्वासहा झाले होते.

पहिला विचार आला तो साधा होता आणि सोपा होता. पाइपचं तळ्यातलं तोंड नुसतं पाण्याबाहेर काढायचं. पाइपमध्ये हवा शिरेल, पाणी बंद होईल, रंग खाली उतरणार नाही. तळं वाचेल, नोकरी वाचेल, अब्रू वाचेल. कुणाला कळायचं नाही. मामा बांध चढून वर गेले, पलीकडे दगडी अस्तरावरून उतरले आणि चौथ्या ओळीच्या दोन दगडांच्या फटीत त्यांनी हात घातला. पाइप तिथंच होता, शेवाळानं बुळबुळीत झालेला. नुसता ओढायचा अवकाश होता.

आणि तिथं, पाण्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेल्या मामांच्या कानांत आइसक्रीमवाल्याला झाडलेलं ते अर्ध्या तासाचं भाषण वाजायला लागलं. बोटभर भोक. पाइप पायथ्याशी कुठेतरी फुटलाय हे तर उघडच होतं. फुटलेल्या जागी पाण्यानं किती माती खाल्ली असेल? आज पाणी थांबलं तरी आतली पोकळी तशीच राहणार. बावीस वर्षांचा कुजका पाइप बांधात तसाच राहणार. पुढच्या वर्षी तळं काठोकाठ भरल्यावर पाणी ती वाट शोधून काढणार. मॅडमना पाइप माहीत नाही, नकाशाला माहीत नाही. जगात एका माणसाला माहीत आहे, आणि तो माणूस खाली दीडशे घरं झोपलेली असताना गप्प बसणार.

मामांनी हात बाहेर काढला. खरं सांगायचं तर त्यांना दीडशे घरांपेक्षाही आधी दिसली ती आपण रंगवलेली पाटी, आणि त्यानंतर गावाचं हसू. माणूस आहे, आधी स्वतःचंच दिसतं. पण पाइप त्यांनी ओढला नाही एवढं खरं.

नऊला निम्मं गाव बांधावर हजर झालं. गवतावर उतरू नका म्हणायलाही मामांना सुचलं नाही, तेव्हाच होडीवाल्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मामी सगळ्यांसाठी चहाची मोठी किटली घेऊन पायऱ्या चढून आली होती. मॅडमनी खाली पट्ट्यापाशी एक माणूस बसवला, स्वतः पाण्याशी गेल्या आणि रंगाच्या डब्याचं झाकण फिरवलं.

"मॅडम, थांबा," मामा म्हणाले. "रंग टाकू नका."

"का?"

"हिरवं पाणी उतरणार. दोन मिनिटांत उतरणार. पण ते बांधातून येत नाही."

"मग कशातून येतं?"

"पाइपातून."

मॅडमनी खिशातून नकाशा काढला. "इथं कुठलाही पाइप नाही, मामा."

"नकाशात नाही. बांधात आहे."

"कुणी घातला?"

मामांनी सगळ्यांवर नजर फिरवली. पेन्शनर, पोरं, होडीवाला, मागे आइसक्रीमवाला. यांतला एकही जण असा नव्हता ज्याला त्यांनी कधी झापलं नव्हतं.

"मी," मामा म्हणाले.

क्षणभर कुणाला खरंच वाटेना. मग आइसक्रीमवाल्याचा आवाज फुटला. "माझ्या छत्रीनं गाव वाहून जात होतं हो! सात वर्षं उन्हात तळतोय मी!"

बांधावर जो हशा उठला तो पलीकडच्या काठाला जाऊन परत आला. एक पेन्शनर म्हणाले, "मामा, तुमच्यावर कडक कारवाई तुम्हीच करणार की माणूस बोलावू?" मामा मान खाली घालून उभे राहिले. कान लाल झाले होते. मॅडम मात्र हसत नव्हत्या.

"कधी घातला?"

"बावीस वर्षं झाली."

"तुम्हाला बांध कळतो, मामा. माझ्यापेक्षा जास्त कळतो. मग कशासाठी घातलात?"

मामांनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण एवढ्या लोकांत ते सांगायचं कसं, आणि कुणाचं सांगायचं? ते मामीचं होतं.

"भोपळ्यासाठी," ते म्हणाले.

आता तर लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. होडीवाला दगडावर बसला. "भोपळ्यासाठी धरण फोडलं!" असं म्हणत पोरं नाचायला लागली. एकटी मामी हसली नाही. ती किटली दोन्ही हातांत धरून तशीच उभी होती. मग तिनं ती पायरीवर ठेवली, एकालाही चहा न देता पाठ फिरवली आणि सावकाश घराकडे उतरून गेली. लोकांचं हसणं मामांनी सोसलं असतं, तिचं हे पाठ फिरवणं सोसेना.

त्याच दुपारी खोदाई सुरू झाली. मॅडमनी मंडळाचे चार मजूर लावले, पण पाइपवरचं गवत पहिल्यांदा मामांनी स्वतः सोलून काढलं. पायथ्याशी जोड फुटला होता, आणि त्याच्यामागे बांधाच्या पोटात पोकळी झाली होती. मॅडमनी तिच्यात हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. त्यांनी हात काढून मामांपुढे धरला.

"आणखी दोन वर्षं गेली असती ना, तर मला रंगाची गरज पडली नसती."

मामांनी घमेलं उचललं. तीन दिवस चिकणमातीचे थर देऊन, धुमसानं चेपून चेपून ती जागा भरली. चौथ्या दिवशी रंग टाकला. तळ्याचा एक कोपरा हिरवागार झाला, पोरांनी त्यात हात बुडवून घेतले. पायथ्याचा पट्टा कोरडा राहिला तो राहिलाच. आठवडाभर मॅडम रोज येऊन बघत होत्या, मामा रोज चारीचं पाणी तोंडात घोळवत होते. गार, तुरट. शेवटी मॅडमनी कागदावर सही केली. धरण राहिलं. होडीवाल्यानं त्या दिवशी सगळ्या गावाला फुकट फिरवलं, आणि उलटी पडलेली आठवी होडीसुद्धा सरळ केली.

मामांचा निकाल पंधरा दिवसांनी पत्रानं आला. मॅडमनी लिहिलं होतं की या प्रकरणात तक्रार करणारा आणि गुन्हा करणारा एकच इसम आहे, आणि त्यानं दोन्ही कामं स्वतः होऊन सांगितली आहेत. सबब नोकरी आणि घर कायम ठेवून कडक ताकीद देण्यात येत आहे. ही ताकीद सर्व कर्मचाऱ्यांसमोर वाचून दाखवावी. कर्मचारी म्हणजे होडीवाला आणि झाडूवाली. होडीवाल्यानं पत्र हातात घेतलं, घसा खाकरला आणि गाण्याच्या चालीत तीनदा वाचलं. तळाशी शाईनं वेगळी एक ओळ होती. 'झाडांसाठी रोज चार बादल्या तळ्यातून नेण्यास हरकत नाही. बादलीनेच.'

"मामा, मग आता छत्री रोवू ना मी?" आइसक्रीमवाल्यानं विचारलं.

"रोवून बघ," मामा म्हणाले. आवाज पहिल्यासारखा नव्हता, पण पुरेसा होता. संध्याकाळी मात्र त्यांनी बांध संपतो तिथल्या पक्क्या जमिनीवर, झाडाखाली, त्याच्या गाडीसाठी जागा झाडून दिली.

एवढं सगळं निस्तरलं तरी घरात निस्तरलं नव्हतं. त्या दिवसापासून मामीची चार वाक्यं दोनवर आली होती. जेवायला वाढलंय. दार लावा. मामा तिच्या तोंडाकडे बघत आणि काही विचारायचं धाडस करत नसत. आपण तिच्याशी बावीस वर्षं खोटं बोललो, याचा तिला राग आला असणार. किंवा लोकांनी भोपळ्याला हसावं हे लागलं असणार. किंवा तो जुना कोपरा आपण भर चौकात उघडा केला म्हणून.

पत्र आलं त्या संध्याकाळी मामा दोन बादल्या घेऊन बांध चढले, भरून उतरले, पुन्हा चढले. तिसऱ्या आणि चौथ्या बादलीच्या वेळी बघतात तर मामी पायऱ्यांवर उभी. तिनं एक बादली त्यांच्या हातातून घेतली. दोघं उतरले. वेलांना पाणी घालून झाल्यावर मामी परड्यातल्या दगडावर बसली आणि मामांना बसायला शेजारी जागा केली.

"मला वाटायचं सरकारी नळ आहे," ती म्हणाली.

"खरं सांगितलं असतं तर वापरला नसतास."

"नसताच वापरला. बादल्यांनी आणलं असतं."

"तेव्हा तुझ्यात बादली उचलायचा जीव नव्हता."

मामी पायाशी पडलेली एक वाळकी काडी उचलून ती मोडत बसली. "पोरगी असती तर आता बावीस वर्षांची असती."

मामांनी नुसती मान हलवली. त्यांना वरचे महिनेही माहीत होते. पण हे वाक्य या घरात इतक्या वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

"तुमच्यावरच गेली असती," मामी म्हणाली. "घशानंसुद्धा. नळ दिसल्याबरोबर पळत जाऊन मंडळात सांगितलं असतं तिनं, आमच्या बाबांनी बांध खणलाय म्हणून."

"अगं, ती असती तर मी नळ कशाला घातला असता?"

बोलून गेल्यावर मामांना कळलं आपण काय बोललो ते. मामी आता रडणार असं त्यांना वाटलं. तिनं थोडा विचार केला.

"ते खरं," ती म्हणाली. "पण तिनं दुसरं काहीतरी शोधून काढलंच असतं."

"काय म्हणून?"

"तुम्ही जोडप्यांवर ओरडत नाही ते. पक्षपात म्हणून अर्ज केला असता तिनं."

मामांना हसू फुटलं, ते आवरेना. "आणि अभ्यास? अभ्यास कुठे केला असता? दिवसभर होडीत. होडीवाल्यानं फुकट बसवून बसवून बिघडवली असती."

"पोहायला मीच शिकवलं असतं. तुम्ही काठावरून नुसते ओरडला असता."

"भोपळा खाल्ला नसता तिनं."

"तोंडसुद्धा लावलं नसतं," मामी म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत हसली.

दिवेलागण झाली, वर होड्या बांधल्या गेल्या, माणसं घरी गेली. चार दिवस राहून गेलेल्या त्या पोरीची बावीस वर्षांची गाऱ्हाणी दोघं एकमेकांना सांगत बसले होते, आणि एक संपलं की लगेच दुसरं निघत होतं.